व्ह्यूफाइंडर धूसर, फोटो स्वच्छ: मग बिघडलंय काय?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झालो आणि पक्ष्यांचे फोटो काढायची जुनी हौस पुन्हा सुरू केली. दिवाळीत कोल्हापूरच्या एका लग्न-फोटोग्राफरकडून निकॉन डी७००० सेकंडहँड घेतला, सोबत ७०-३०० लेन्स. कॅमेरा बाहेरून चांगला आहे. पण व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की सगळं धूसर. वडावर धनेश बसलाय हे कळतं, त्याची चोच कुठे संपते ते कळत नाही. गंमत म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर बघितले की बहुतेक स्वच्छ असतात, थोडेसेच हललेले निघतात. बाविशीतल्या भाच्याला दिला तर तो म्हणतो, "मला तर स्पष्ट दिसतंय मामा."

आत काळे ठिपके आणि एक केसही दिसायचा. लेन्स काढून, आरशाच्या वर जी काच दिसते ती इअरबडला चष्म्याचा स्प्रे लावून पुसली. केस गेला, पण आता तिथे पांढुरका डाग आलाय. रत्नागिरीला दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने बॅटरी काढून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बघा काका, किती अंधारलंय. प्रिझम गेलंय. साडेसहा हजार होतील." खरंच अंधारलेलं दिसलं. आमच्याकडे पाऊस किती असतो ते तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे आत बुरशी असेल अशीही शंका येते. भाचा म्हणतो हा विकून टाक, मिररलेस (आरसा नसलेला नवा कॅमेरा) घे. काय करू? आणि आरसाही पुसून घेऊ का? (वय ६१, प्रोग्रेसिव्ह चष्मा, दूरचा नंबर नगण्य, जवळचा +२.२५. फोटो काढताना चष्मा काढून ठेवतो.)

एक वाचक, देवरूख

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे: नाही, आरसा पुसू नका. इअरबड आणि स्प्रे दोन्ही आजच्या आज कपाटात टाका. का, ते पुढे सांगतो. साडेसहा हजारही सध्या खिशातच राहू द्या.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. भाच्याला स्पष्ट दिसतं. प्रिझम गेलेलं असतं तर ते मामाला गेलेलं आणि भाच्याला शाबूत असं असू शकत नाही. एकाच भोकातून दोघं बघताय, एकाला दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे फरक भोकाच्या अलीकडे आहे. म्हणजे डोळ्यात.

डोळ्याकडे वळण्याआधी आत काय चाललेलं असतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर वळतो आणि एका दुधट, खरखरीत पृष्ठभागाच्या पातळ पडद्यावर त्याचं चित्र उमटतं. हा फोकसिंग स्क्रीन. त्याच्या डोक्यावर काचेचं प्रिझम, जे चित्र फिरवून सुलट करतं. आणि शेवटी डोळ्याशी आयपीस, म्हणजे ते चित्र जवळून बघण्यासाठी बसवलेलं भिंगच. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी आरसा वर उचलला जातो (म्हणूनच क्षणभर काळोख होतो) आणि प्रकाश सरळ मागच्या सेन्सरवर जातो. फोटो तिथे बनतो. पडदा, प्रिझम, आयपीस यांचा त्या वाटेशी काही संबंध नाही.

ऑटोफोकसचाही नाही. आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामागे एक चिमुकला दुसरा आरसा असतो, तो हा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरकडे वळवतो. म्हणजे तुम्हाला धनेश धूसर दिसत असतानाही कॅमेऱ्याला तो नीट दिसत असतो. तुमचे फोटो स्वच्छ येतात त्यात गंमत काही नाही, ते तसंच असायला हवं. वर प्रिझमजवळ बसतो तो फक्त प्रकाशमापक. त्याचं पुढे येईल.

आता डोळा. आयपीसच्या उजव्या बाजूला, अगदी कडेला, एक छोटं दातेरी चाक आहे. बऱ्याच जणांच्या ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, आणि ज्यांच्या येतं त्यांना वाटतं की ते कशाचं तरी लॉक असावं. तो व्ह्यूफाइंडरचा चष्म्याचा नंबर आहे. डी७००० मध्ये तो उणे ३ पासून अधिक १ पर्यंत फिरतो. तुमचा कॅमेरा ज्यांच्याकडून आला, त्या फोटोग्राफरला दूरचा नंबर असणार आणि ते चष्मा काढून काम करत असणार, असा माझा तर्क आहे. त्यांनी चाक आपल्या डोळ्याला जुळेल असं उणेच्या बाजूला फिरवलं आणि ते तसंच तुमच्याकडे आलं. कॅमेऱ्याबरोबर मागच्या मालकाचा नंबरही तुम्ही विकत घेतलात.

मग भाच्याला कसं दिसतं? चाक उणे ३ वर असेल तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्याला साधारण ३३ सेंटिमीटरवर, म्हणजे हातात धरलेल्या पुस्तकाइतक्या अंतरावर असल्यासारखं भासतं. बाविशीतल्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. ते आपोआप फुगून तेवढ्या जवळ फोकस करतं, आणि आपण काही कष्ट घेतले हे त्याला कळतही नाही. साठीनंतर ते भिंग जवळपास ताठ झालेलं असतं. तुमचा +२.२५ म्हणजे ही उणीव भरून काढणारी चाळीशीच. चष्मा बाजूला ठेवून तुम्ही पुस्तकाच्या अंतरावरचं चित्र बघायला गेलात, तर ते धूसर दिसणारच. कोणी असा कॅमेरा हातात दिला तर मलाही धूसरच दिसेल.

चाक लावायची रीत अशी. कॅमेऱ्यात भरलेली बॅटरी घाला, लेन्सचं झाकण काढा आणि कॅमेरा उजेडातल्या कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे धरा. सूर्याकडे अजिबात नाही. टेलिलेन्समधून सूर्य बघणं म्हणजे डोळ्याशी खेळ. बटण अर्धं दाबलं की खाली आकडे उजळतात आणि मधल्या भागात फोकसचे कंस दिसतात. आता बाहेरच्या दृश्याकडे पूर्ण दुर्लक्ष करायचं. नजर फक्त त्या कंसांवर. हवं तर मेनूत जाऊन व्ह्यूफाइंडरमधल्या जाळीच्या रेघा चालू करून घ्या, त्या बघायला आणखी सोप्या. चाक आधी एका टोकापर्यंत फिरवा, जिथे कंस पार फिसकटलेले दिसतील. मग हळूहळू उलट फिरवत या. कंस कातरल्यासारखे स्वच्छ दिसतील अशी एक जागा येईल. थोडं पुढे जा, पुन्हा धूसर होतील, परत या. मध्ये मध्ये डोळा काढून लांबच्या झाडाकडे बघा, म्हणजे डोळा ताण देऊन जुळवून घेत नाहीये ना ते कळेल. चाक किती फिरलं याच्या नादी लागायचं कारण नाही, डोळ्याला पटलं की झालं.

दृश्याकडे बघून चाक फिरवणं ही हमखास होणारी गडबड. लेन्सच फोकसमध्ये नसेल तर दृश्य धूसरच राहणार, आणि आपण बिचाऱ्या चाकाला पिळत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कंस आणि दृश्य दोन्ही धूसर असतील तर चाक किंवा डोळा. कंस स्वच्छ आणि दृश्य धूसर असेल तर लेन्स फोकस झालेली नाही, किंवा पडदा आपल्या जागेवरून सरकलेला आहे. एवढी एक परीक्षा मनात ठेवलीत तर कुठल्याही दुकानात तुम्हाला कोणी गंडवणार नाही.

चष्मा घालून लावायचं की काढून? ज्या अवस्थेत फोटो काढणार, त्या अवस्थेत. तुमचा दूरचा नंबर नगण्य आहे, तेव्हा चष्म्याशिवायच लावा. अधिकच्या बाजूला पुरेशी जागा आहे. पक्षी बघताना चष्मा, मग काढला, गळ्यात अडकवला, मग कॅमेरा, या धांदलीत धनेश उडून जातो हे मात्र खरं. म्हणून काही जण चष्म्यासकटच बघतात. तसं करायचं असेल तर प्रोग्रेसिव्ह काचेच्या नेमक्या कुठल्या भागातून बघता याकडे लक्ष द्या. मान ताठ ठेवून वरच्या भागातून बघितलं की एक चित्र, मान किंचित वर केली आणि खालचा भाग आड आला की दुसरं. एक सवय ठरवा आणि चाक त्या सवयीला जुळवा. सिलिंडरचा (बुबुळाच्या तिरक्या वळणाचा) नंबर जास्त असेल तर मात्र हे चाक कामाचं नाही, तो दोष चष्म्यानेच सुधारतो.

चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही कुठेच स्वच्छ दिसलं नाही, तर कॅमेरा खाली ठेवा आणि डावा डोळा लावून बघा. डाव्याने स्पष्ट, उजव्याने धूसर असं निघालं तर रत्नागिरीला जायचंच आहे, पण कॅमेऱ्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. साठीला मोतीबिंदूची सुरुवात असणं काही नवलाचं नाही. मधुमेह असेल तर साखर वरखाली झाली की नंबरही हलतो, आणि कालचं चाक आज जुळत नाही.

आता तो दुकानातला प्रसंग. मुलाने बॅटरी काढून व्ह्यूफाइंडर दाखवला, तुम्हाला अंधार दिसला. डी७००० मधून बॅटरी काढली की कुणाच्याही डी७००० चा व्ह्यूफाइंडर अंधारतो. फोकसिंग स्क्रीनला लागून एक पारदर्शक एलसीडी थर असतो. कंस, जाळीच्या रेघा त्याच्यावरच उमटतात. या थराला पूर्ण पारदर्शक राहायला किंचित वीज लागते. ती मिळाली नाही की तो मळकट होतो. निकॉनच्या माहितीपुस्तिकेतही हे लिहिलेलं आहे: बॅटरी नसेल किंवा पूर्ण उतरली असेल तर व्ह्यूफाइंडर अंधुक दिसतो, तो बिघाड नव्हे. डी९० सारख्या त्याच घरातल्या आणखी काही कॅमेऱ्यांचं, आणि कॅननमध्ये २००९ च्या ७डी चंही असंच आहे. घरी करून बघा: आत बघत असताना दुसऱ्या कोणाला तरी बॅटरी काढायला सांगा, मग परत घालायला सांगा. अंधार येतो आणि जातो. प्रिझम असं येत-जात नाही. जाता जाता, फोकस-बिंदू लाल उजळतो तेव्हा त्याच्यापासून बारीक रेघा फाकल्यासारख्या दिसल्या तर तेही याच थरामुळे, घाबरू नका.

तो मुलगा लबाड होता असं मी म्हणणार नाही. मोबाइलचे स्क्रीन बदलण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला २०१० साली आलेल्या कॅमेऱ्याच्या या खोडी माहीत असतीलच असं नाही. पण माहीत नसताना "प्रिझम गेलंय" म्हणणं आणि किंमतही सांगणं हे बरोबर नाही. प्रिझम खरोखर जातं तेव्हा काय दिसतं, तेही सांगतो. जुन्या फिल्मच्या काही कॅमेऱ्यांत, ऑलिम्पसच्या ओएम मालिकेत विशेषतः, प्रिझमभोवती स्पंज लावलेला असायचा. वर्षांनी तो सडतो, चिकट होतो आणि प्रिझमवरचा चांदीचा मुलामा खातो. मग चित्रात आडवा काळपट पट्टा किंवा तपकिरी झिरपल्यासारखी कड दिसते, आणि ती चाक फिरवून वा बॅटरी घालून जात नाही. तुमच्या वर्णनात असं काही नाही. कॅमेरा कधी पडलेला असेल तर क्षितिज तिरकं दिसेल, एखादा कोपरा काळा राहील. तसंही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता ठिपके, केस आणि तुमचा इअरबड. इथे जरा रेंगाळतो, कारण व्ह्यूफाइंडरचं जितकं नुकसान धुळीने होतं त्याहून कितीतरी जास्त साफसफाईने होतं.

तुम्ही पुसलीत ती काच नव्हे. तो फोकसिंग स्क्रीनचा खालचा पृष्ठभाग होता, आणि तो प्लास्टिकचा आहे. त्यावर सूक्ष्म खरखरीत नक्षी असते, त्या नक्षीवरच चित्र उमटतं. चष्म्याच्या काचेला कडक लेप असतो, ती रोज पुसली तरी चालते. या पडद्याला एका इअरबडनेही ओरखडा पडतो आणि तो कायमचा असतो. शिवाय स्प्रेमधलं पाणी वा अल्कोहोल कडेने वर चढतं आणि पडद्याच्या व एलसीडीच्या फटीत जाऊन बसतं. तुमचा पांढुरका डाग या दोहोंपैकी एक आहे. चारेक दिवस कॅमेरा कोरड्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवून बघा. ओल असेल तर डाग आकसेल वा जाईल. नाही गेला तर नक्षी घासली गेली आहे. तसं असेल तर दोन मार्ग: डागाकडे दुर्लक्ष करणं, किंवा सर्व्हिस सेंटरमधून पडदा बदलून घेणं. मी तुमच्या जागी असतो तर दुर्लक्ष केलं असतं. फोटोत तो येत नाही, ऑटोफोकसला तो दिसत नाही. प्रकाशमापक पडद्यावरचंच चित्र मोजतो, पण एवढ्याशा डागाने त्याच्या मापात जाणवण्यासारखा फरक पडू नये.

पडदा घरी काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. व्हिडिओत तो चिमट्याने चुटकीसरशी निघतो. पण त्याच्यासोबत कधी कधी कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात, शिम म्हणतात त्यांना. पडदा सेन्सरइतक्याच अंतरावर नेमका बसावा म्हणून त्या कारखान्यात मोजून घातलेल्या असतात. एक पट्टी हरवली, की व्ह्यूफाइंडरमध्ये जे स्वच्छ दिसतं ते फोटोत स्वच्छ येत नाही. हातानं फोकस करणाऱ्याचं मग डोकं फिरायची वेळ येते.

आरशाचं आणखी नाजूक. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, वरची काच कितीही पुसा. कॅमेऱ्याच्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला, उघडा असतो. रुमाल फिरवला तर मुलामाच पुसला जातो. आणि मुळात तो पुसायची गरजच नसते, कारण आरशावरची धूळ व्ह्यूफाइंडरमध्ये सहसा दिसतच नाही. ती पडद्यापासून लांब, फोकसच्या बाहेर असते. लेन्सच्या पुढच्या काचेवरच्या धुळीचंही तेच.

मग दिसणारा ठिपका कुठे आहे ते कसं ओळखायचं? लेन्स काढा आणि आत बघा. ठिपका तसाच दिसत असेल तर लेन्स निर्दोष. आता ते चाक थोडं फिरवा. कंसांबरोबर ठिपकाही धूसर आणि कंसांबरोबरच स्वच्छ होत असेल तर तो पडद्यावर आहे. त्याची धूसरता कंसांच्या हिशेबाने चालत नसेल तर तो प्रिझमवर किंवा आयपीसवर. आयपीसची बाहेरची काच ही एकच जागा तुम्ही निर्धास्त पुसू शकता: आधी फुंकणी, मग स्वच्छ मऊ मायक्रोफायबर. भुवईचं तेल आणि घाम तिथे इतका साचतो की निम्मी धूसरता काही वेळा तिथेच निघते. शेवटी फोटोची परीक्षा: अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/१६ वर, म्हणजे बारीक ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. त्यात ठिपके आले तर ते सेन्सरवरचे, त्यांचा व्ह्यूफाइंडरशी संबंध नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत सेन्सर स्वच्छ करण्याची सोय आहे, आधी ती वापरा.

पडद्यावरची धूळ काढायला एकच हत्यार: रबरी फुग्याचा ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून खालून वर फुंकायचं, म्हणजे धूळ पडून जाते, आत बसत नाही. ब्लोअरचं टोक आत शिरवायचं नाही. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. डबाबंद हवेचे स्प्रेही नकोत, त्यातून कधी कधी थंडगार द्रव फवारला जातो. एवढं करूनही दोन-चार ठिपके राहतील. राहू देत. मला तर एकही ठिपका नसलेला दहा वर्षं जुना व्ह्यूफाइंडर दिसला की आत कोणीतरी हात घालून गेलंय अशी शंका येते.

बुरशीची तुमची भीती मात्र निराधार म्हणता येणार नाही. देवरूखच्या पावसात चपलेलाही बुरशी येते. ओळखायची खूण: धूळ सुटी, ठिपक्याठिपक्यांची असते, बुरशी जळमटासारखी, धाग्याला धागे फुटत पसरलेली. लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा टाका आणि लेन्समध्ये दोन्ही बाजूंनी बघा, मग आयपीसमध्ये. लेन्समध्ये जळमट दिसलं तर त्याचं काम आधी, कारण लेन्सचा दोष फोटोत उतरतो: उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो पांढुरके, फिके पडतात. व्ह्यूफाइंडरमध्ये असेल तर ते फक्त तुमच्या डोळ्याला खुपतं. पण लेपावर ते फार दिवस राहिलं तर काचेवर व्रण सोडून जातं, तेव्हा वर्षानुवर्षं टाळूही नये.

पावसाळ्यासाठी महागडं कपाट घ्यायलाच हवं असं नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. साठ-पासष्टच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. निळ्याचं गुलाबी होणारं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो, स्वयंपाकघरात नको; नारिंगीचं हिरवं होणारं घ्या. कॅमेरा चामड्याच्या किंवा स्पंजाच्या पिशवीत महिनोन् महिने ठेवू नका, पिशवी ओल धरून ठेवते. डब्यात तांदूळ नकोत, त्याचा पीठूळ धुरळा उडतो. आणि डांबराच्या गोळ्या, कापूर तर मुळीच नकोत. कॅमेरा कंपन्याच पुस्तिकेत त्यांची मनाई करतात. पूर्वी स्टुडिओवाले लाकडी कपाटात पंधरा वॉटचा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळता ठेवत, त्या उबेने हवा कोरडी राहायची. जुनी युक्ती, पण बरोबर होती. आणि भर पावसातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, खिडकीतून चार फोटो काढा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

हललेल्या फोटोंबद्दल थोडक्यात. ७०-३०० लेन्स ३०० वर, म्हणजे पूर्ण झूमवर असताना शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू असेल तर फोटो हलण्याची शक्यता खूप. झाडीतल्या सावलीत कॅमेरा आपोआप १/१२५ वर येतो आणि आपल्याला पत्ता नसतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, म्हणजे शटर जलद ठेवता येईल, आणि पुन्हा बघा. तरीही फोकस सतत पुढेमागे पडतोय असं वाटलं तर स्टँडवर कॅमेरा ठेवून एकाच स्थिर वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरने फोकस करून आणि एक लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचा दर वेळी सरस निघत असेल तर डी७००० मध्ये ऑटोफोकस बारीक जुळवायची सोय मेनूतच आहे. व्ह्यूफाइंडरला दोष देऊ नका. आणि स्टँडवरून, डोळा न लावता फोटो काढाल तेव्हा आयपीस झाका. मागून शिरलेला उजेड त्या प्रकाशमापकाला चकवतो आणि फोटो काळपट येतो.

भाच्याला सांगा की मिररलेस चांगलेच असतात, पण त्यांच्या व्ह्यूफाइंडरलाही अगदी असंच चाक असतं आणि तेही मामाला आपल्या डोळ्याला लावून घ्यावं लागेल. शिवाय त्यांचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आत एक चिमुकला स्क्रीन. कॅमेरा उन्हात पाठ वर करून ठेवला तर आयपीसच्या भिंगातून ऊन एकवटून त्या स्क्रीनला कायमचा डाग पाडू शकतं. घ्यायचाच असेल तर फोकस पक्ष्याच्या डोळ्याला धरतो म्हणून घ्या, जुना धूसर दिसतो म्हणून नको.

एवढं सगळं करूनही सर्व्हिस सेंटर गाठायची वेळ आली, तर भरलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालूनच तो काउंटरवर ठेवा. काय बिघडलंय हे आपण सांगायचं नाही. काय दिसतं ते सांगायचं. "प्रिझम बदला" म्हणाल तर प्रिझम बदलून मिळेल. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, काढलेला भाग परत मागा, आणि २०१० च्या मॉडेलचा सुटा भाग खरोखर मिळतोय का ते आधी विचारा.

आयपीसभोवतीचं काळं रबर जागेवर आहे का तेही बघा. बाजूने ऊन शिरलं की चांगला व्ह्यूफाइंडरही फिका दिसतो. नसेल तर डीके-२१ या नावाने ते मिळतं. दोन मागवा, पिशवीतून काढघाल करताना ते निघून पडतंच.